परदेशी संशोधन प्रकल्पांत काम करायचंय, पण पैसे कुठून? गोव्यातल्या पदवी विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या एका कॉलेजात विज्ञान शिकवते. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटोपली की मुलं एकेक करून स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहतात. परदेशातल्या एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली दोन-तीन महिने संशोधन करायचं असतं, आणि पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, "टीचर, किती पैसे लागतील?" वर्षानुवर्षं दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. योजनांच्या तारखा आणि रकमा दरवर्षी बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या त्या संस्थेचं संकेतस्थळ स्वतः उघडून बघाच.

हे शिक्षण असतं की नोकरी?

दोन्ही नव्हे. तिथल्या प्राध्यापकाचा एक प्रकल्प चालू असतो. त्यातला छोटा, पण खरा तुकडा तुमच्याकडे येतो. नमुने मोजणं, कोड लिहिणं, जुने कागद वाचून त्यांची नोंद करणं, असं काहीही. मुदत साधारण आठ ते बारा आठवड्यांची. पदवी मिळत नाही. अनुभव मिळतो, एक शिफारसपत्र मिळतं, आणि संशोधन आपल्याला खरंच आवडतं का, हे कळतं. हे शेवटचं मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

खर्च घरच्यांनीच करायचा असतो ना?

नाही. सगळ्या पानातलं हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी मला पुरे. संशोधनासाठी तुम्ही श्रम देता, त्यामुळे राहण्या-जेवणाचा खर्च समोरच्याने द्यायचा, अशीच रीत आहे. तो खर्च तीन वाटांनी येतो. पहिली वाट म्हणजे एखादी ठरलेली योजना. दुसरी, त्या प्राध्यापकाच्या स्वतःच्या प्रकल्पाचा निधी. तिसरी, तुमच्या इथल्या शिक्षकांचा तिथल्या प्रयोगशाळेशी असलेला सामायिक प्रकल्प.

"परदेशी रिसर्च इंटर्नशिप, प्रमाणपत्रासह, फक्त इतके लाख" अशी जाहिरात दिसली, तर ती विक्री आहे. निवड तुमच्या कामावर होत नाही, तुमच्या खिशावर होते. पुढे एमएस्सीच्या किंवा पीएचडीच्या मुलाखतीत समोर बसलेल्यांना हा फरक लगेच कळतो. अशा पॅकेजांसाठी घरातले दागिने गहाण ठेवलेले मी पाहिले आहेत, म्हणून इतकं कळकळीने लिहिते आहे.

मात्र "सगळं फुकट" असंही समजू नका. पैसे मंजूर होणं आणि ते हातात पडणं यांत दोन-तीन महिन्यांचं अंतर असू शकतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पदवीच्या मुलांना लागू होणाऱ्या योजना कोणत्या?

कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक ही सगळ्यांत जास्त विचारली जाणारी योजना. बारा आठवडे कॅनडातल्या विद्यापीठात, प्राध्यापकांनी आधीच मांडलेल्या प्रकल्पांपैकी तुम्ही काही निवडायचे. प्रवास, राहणं, विमा यांचा भार योजना उचलते. गुणांची अट कडक आहे, साधारण ऐंशी टक्के. अर्ज सप्टेंबरमध्ये बंद होतात, म्हणजे जायच्या आदल्या वर्षीच्या चवथीच्या आसपास. गोव्यातली बहुतेक मुलं इथेच चुकतात. सुट्टी संपवून, माटोळी (गणपतीवर बांधलेली फळा-पानांची सजावट) उतरवून कॉलेजात येतात तोवर मुदत टळलेली असते. जुलैपासून प्रकल्पांची यादी वाचायला घ्या.

जर्मनीच्या डाड (डीएएडी) या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची वाइज ही शिष्यवृत्ती खास भारतीय विद्यार्थ्यांसाठी आहे, विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या. पण ती ठरावीक संस्थांतल्या विद्यार्थ्यांनाच मिळते आणि प्राध्यापकाचं होकारपत्र तुम्हीच आधी मिळवायचं असतं. फर्मागुडीची आयआयटी, कुंकळ्ळीची एनआयटी, झुआरीनगरची बिट्स इथल्या मुलांनी त्या वर्षीच्या यादीत आपली संस्था आहे का, ते पाहावं. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातल्या मुलांनी या एकाच योजनेवर सगळी आशा ठेवू नये.

फ्रान्सच्या दूतावासाची शार्पाक लॅब शिष्यवृत्ती एक ते तीन महिन्यांच्या प्रयोगशाळेतल्या कामासाठी असते. इथेही आधी प्रयोगशाळेचा होकार, मग अर्ज.

जपानमध्ये ओकिनावाची ओआयएसटी ही संस्था आहे. ती विमानभाडं, राहण्याची सोय आणि रोजचा भत्ता देते. सौदी अरेबियात तांबड्या समुद्राच्या काठावर काउस्ट विद्यापीठ आहे. तिथली पाहुण्या विद्यार्थ्यांची योजना तीन ते सहा महिन्यांची, अर्ज वर्षभर घेतात. या दोन ठिकाणांची नावं मी समुद्रजीवशास्त्राच्या मुलांना मुद्दाम सांगते. दोन्हीकडे प्रवाळांवर मोठं काम चालतं, आणि किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. सिंगापूरमध्ये ए-स्टार या सरकारी संशोधन संस्थेची सिपगा आणि नानयांग विद्यापीठाची इंडिया कनेक्ट याही पाहण्यासारख्या. ऑस्ट्रियातली इस्टा ही संस्था उन्हाळी विद्यार्थ्यांना चक्क पगार देते.

भौतिकशास्त्र, संगणक किंवा गणित शिकणाऱ्यांसाठी जिनिव्हाजवळचं सर्न, म्हणजे कणभौतिकीची युरोपीय प्रयोगशाळा. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. तिथे उन्हाळी विद्यार्थी म्हणून जायचं, तर विद्यापीठीय शिक्षणाची तीन वर्षं पूर्ण झालेली हवीत आणि तुम्ही विद्यार्थी म्हणून नोंदलेलेही हवेत. पूर्वी आपल्या बीएस्सीच्या मुलांना ही अट नेमकी आडवी यायची, कारण तीन वर्षं संपली की पदवी हातात आणि नाव पटावरून गेलेलं. आता गोवा विद्यापीठात चार वर्षांचा अभ्यासक्रम आला आहे. २०२३-२४ च्या तुकडीपासून पुढच्या मुलांना तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या मधला उन्हाळा मिळतो. चौथं वर्ष कशाला, असं विचारणाऱ्या मुलांना मी आधी हे दाखवते.

अमेरिकेच्या आरईयूचा अर्ज भरला तर?

वेळ वाया जाईल. आरईयू ही तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची (एनएसएफ) पदवी विद्यार्थ्यांसाठीची उन्हाळी संशोधन योजना, आणि तिचा निधी अमेरिकी नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांनाच मिळतो. जर्मनीची राइज योजनाही अशीच फसवते. नाव सारखंच ऐकू येतं, पण ती अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आपली ती वाइज. दरवर्षी एक तरी मूल राइजचा अर्ज अर्धा भरून माझ्याकडे येतं.

प्राध्यापक स्वतःच्या निधीतून पैसे देतात, म्हणजे नेमकं काय?

प्राध्यापकाला एखाद्या संस्थेकडून तीन-चार वर्षांसाठी प्रकल्पनिधी मिळतो. त्याच्या अंदाजपत्रकात उपकरणं, रसायनं, प्रवास यांच्यासोबत "विद्यार्थी साहाय्यक" असाही एक रकाना पुष्कळदा असतो. त्यातून ते तुम्हाला मासिक भत्ता देऊ शकतात. जर्मनीत अशा साहाय्यकांना हिवी म्हणतात, तिथे ती जुनी प्रथा आहे. हा रकाना वर्षाच्या सुरुवातीला भरलेला आणि शेवटाला रिकामा असतो, म्हणून लवकर विचारणाऱ्याला मिळतो.

विमानाचं भाडं मात्र या रकान्यात क्वचितच बसतं. तेव्हा होकार आल्यावर नम्रपणे तीन गोष्टी लेखी विचारा. महिन्याला किती, पहिला हप्ता कधी, आणि राहण्याची सोय त्यात आहे की वेगळी. विचारायला लाज वाटू देऊ नका. तिकडे हे प्रश्न उद्धटपणाचे मानत नाहीत. उलट न विचारता पोहोचलेल्या विद्यार्थ्याची पंचाईत झाली तर प्राध्यापकालाच अवघडल्यासारखं होतं.

अनोळखी प्राध्यापकाला ईमेल कसा लिहायचा?

दोनशे जणांना एकच मजकूर पाठवून काही होत नाही. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड रिसर्च" या ओळीने सुरू झालेलं पत्र पुढे वाचलं जात नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण सांगते. ती दिवाडीची. घरामागे खाजन, म्हणजे बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन; खाजनाला मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून मानशीचं दार कसं मिटतं, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं. दुसऱ्या वर्षाला असताना तिने कॉलेजमधलं रिफ्रॅक्टोमीटर मागून घेतलं आणि दर रविवारी मानशीच्या आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची क्षारता मोजली. वहीत तारीख, भरतीची वेळ, दोन आकडे. बस्स, इतकंच. पाऊस सुरू झाल्यावर आतला आकडा कसा झपाझप उतरला, ते त्या वहीतून स्पष्ट दिसत होतं.

खाऱ्या दलदलींवर काम करणाऱ्या युरोपातल्या एका प्राध्यापिकेचे दोन शोधनिबंध तिने वाचले. मग चार परिच्छेदांचं पत्र लिहिलं. पहिल्यात ती कोण, कुठे शिकते, कुठल्या महिन्यांत मोकळी आहे. दुसऱ्यात त्या निबंधातली एक आकृती आणि तिच्यावरचा एकच प्रश्न. तिसऱ्यात खाजन म्हणजे काय, हे तीन वाक्यांत, आणि वहीतले आकडे. चौथ्यात सरळ विचारलं, की आपल्याकडे विद्यार्थी साहाय्यकासाठी निधी आहे का, नसल्यास मी अमुक शिष्यवृत्तीला अर्ज करू शकते, त्यासाठी आपलं होकारपत्र मिळेल का. उत्तर पाचव्या दिवशी आलं. पत्रात नव्वद टक्के गुणांचा उल्लेखसुद्धा नव्हता, तो सोबतच्या बायोडेटात होता. प्राध्यापिकेने पहिलं वाक्य लिहिलं होतं ते मानशीबद्दल.

प्रत्येकाच्या घरामागे खाजन नसतं, हे खरं. पण प्रत्येकाच्या हाताशी काहीतरी असतं. खाणीच्या भागातल्या विहिरीचं पाणी, मांडवी नदीतल्या तिसऱ्या (शिंपल्या), घरातल्या कपाटातली आजोबांची पोर्तुगीज कागदपत्रं. तिथून सुरुवात करा.

एवढं सांभाळा: पत्र एका पानात संपू दे, बायोडेटा पीडीएफमध्ये, ईमेलचा पत्ता शक्यतो कॉलेजचा. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा. दहा-पंधरा नेमकी पत्रं पुरतात.

निधी मंजूर झाला. पैसे हातात कधी येतात?

इथे सगळ्यांत जास्त मुलं अडकतात, म्हणून सविस्तर लिहिते.

बहुतेक ठिकाणी भत्ता पोहोचल्यावर सुरू होतो. तिथे बँकेत खातं उघडायचं, त्यासाठी राहण्याचा पत्ता हवा, पत्त्यासाठी खोली, खोलीसाठी अनामत. विमानभाडं देणाऱ्या योजनाही बऱ्याचदा तिकीट आधी तुमच्याकडून काढवून नंतर परत देतात, आणि त्यासाठी बोर्डिंग पास मागतात. म्हणजे योजना "पूर्ण खर्चाची" असली, तरी मे महिन्यात तुमच्या घरी रोख लागते.

सत्तरीतला एक मुलगा, वडिलांची काजूची बाग. निवड झाली, गावात पेढे वाटले. मग एप्रिलमध्ये तिकिटाचे पैसे भरायची वेळ आली, आणि काजूचे पैसे अजून व्यापाऱ्याकडे अडकलेले. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. मुलगा गेला, काम उत्तम केलं. परत येताना मुंबई विमानतळावर त्याने जाकिटाच्या खिशातले सगळे चिठोरे कचरापेटीत टाकले, त्यात परतीचा बोर्डिंग पासही गेला. भाड्याची अर्धी रक्कम मिळायला पुढे चार महिने पत्रव्यवहार चालला. तेवढे महिने व्याज वडिलांनी भरलं. बोर्डिंग पासचं मी त्याला आधी सांगितलं नव्हतं, याची खंत मला आजही आहे. आता प्रत्येकाला सांगते: पास हातात पडला की फोटो काढा, आणि कागद पासपोर्टच्या कव्हरात ठेवा.

होकार आल्याच्या दिवशीच एक कागद घ्या. डाव्या बाजूला जाण्याआधी लागणारे पैसे: पासपोर्ट, व्हिसा, मुंबईच्या फेऱ्या, विमा, तिकीट, खोलीची अनामत, पहिल्या तीन-चार आठवड्यांचं जेवणखाण. उजव्या बाजूला तेच पैसे कोण परत देणार आणि कोणत्या महिन्यात. डावी आणि उजवी बाजू यांमधलं अंतर हीच तुमची खरी गरज. संपूर्ण खर्चाचा आकडा ऐकून आई-बाबा घाबरतात. "चार महिन्यांसाठी एक लाख फिरवायचे आहेत" असं सांगितलं, तर बोलणी पुढे सरकतात.

मग हे मधले पैसे उभे कसे करायचे?

आधी देणाऱ्यालाच विचारा. "तिकीट आपल्या विद्यापीठाच्या कार्यालयातून थेट काढता येईल का? पहिल्या महिन्याचा भत्ता आगाऊ मिळेल का?" पुष्कळ विद्यापीठांत ही सोय असते, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

पर्वरीच्या गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाबद्दल मुलं हमखास विचारतात. ते कर्ज मुळात पदवी-पदविकांच्या अभ्यासक्रमांसाठी आहे, दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी नव्हे. बँकांचं शैक्षणिक कर्जही प्रवेशपत्र आणि फी यांना धरून असतं. त्यामागे लागून मार्च-एप्रिल घालवू नका.

प्रत्यक्षात उपयोगी पडतात त्या जवळच्या जागा. कॉलेज चालवणारी शिक्षणसंस्था, माजी विद्यार्थी संघ, गावचं देवस्थान, ज्ञातिसंस्थेचा शिक्षणनिधी, तालुक्यातला रोटरी किंवा लायन्स क्लब. यांच्याकडे जाताना "मदत करा" असा मोघम अर्ज नेऊ नका. प्राध्यापकाचं पत्र, वरचा दोन बाजूंचा कागद आणि "अमुक महिन्यात रक्कम परत मिळाली की परत करीन" असं लेखी वचन न्या. दान मागण्यापेक्षा उसने मागणं सोपं जातं, आणि परत केलेल्या पैशांतून पुढच्या मुलाला वाट मिळते. एखाद्या कॉलेजने असा फिरता निधी कायमचा ठेवावा, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. फार मोठी रक्कम लागत नाही त्याला.

सरकारी परदेशी शिष्यवृत्त्या, टाटा ट्रस्ट वगैरे?

अनुसूचित जाती आणि जमातींसाठीच्या केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्त्या, १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंट, गोवा सरकारची गोवा स्कॉलर्स योजना, या सगळ्या पदव्युत्तर आणि त्यापुढच्या शिक्षणासाठी. गावडा, कुणबी, वेळीप समाजातल्या मुलांनी यांची नावं आताच वहीत लिहून ठेवावीत, पदवी झाल्यावर ती फार कामी येतील. उन्हाळी कामासाठी मात्र त्यांचा उपयोग नाही.

व्हिसा आणि त्याचा खर्च?

पासपोर्ट नसेल तर आजच अर्ज करा. पणजीला पाटोवर पासपोर्ट कार्यालय आहे. साध्या पासपोर्टला १,५०० रुपये, तत्काळला वर २,००० रुपये. ते दोन हजार वाचवता येण्यासारखे आहेत.

युरोपात नव्वद दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला शेंगेन व्हिसा लागतो. शुल्क ९० युरो. पण अभ्यास किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हे शुल्क माफ आहे. ते मागावं लागतं, कागदपत्रं दाखवावी लागतात. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क मात्र द्यावंच लागतं. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. काही देशांना अशा कामासाठी वेगळा व्हिसा लागतो, म्हणून "टुरिस्ट व्हिसावर जा, कोण विचारतं" असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका.

कॅनडात सरकारी निधीवर चालणाऱ्या विद्यापीठात १२० दिवसांपर्यंत संशोधन करणाऱ्यांना वर्क परमिट लागत नाही. साधा व्हिसा मात्र लागतोच, शुल्क १०० कॅनडियन डॉलर आणि बायोमेट्रिकचे ८५. अमेरिकेला जे-वन व्हिसा. त्यासाठी विद्यापीठ डीएस-२०१९ नावाचा कागद पाठवतं, मग २२० डॉलरचं सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचं) शुल्क, १८५ डॉलरचं व्हिसा शुल्क आणि मुंबईची मुलाखत. मांडवी एक्सप्रेसची तिकिटं मुलाखतीची तारीख पक्की झाल्यावरच काढा, तारखा सरकतात.

प्राध्यापकाच्या पत्रात तुमचा भत्ता आकड्यांत लिहिलेला असू दे. "वी विल सपोर्ट द स्टुडंट" एवढ्यावर व्हिसा अधिकाऱ्याचं समाधान होत नाही, मग वडिलांचं बँक स्टेटमेंट मागतात.

पप्पांनी लिस्बनला जन्मनोंदणी केली आहे. पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर सोपं पडेल का?

हा प्रश्न फक्त गोव्यातच येतो, आणि बाहेरचा कुणी त्याचं उत्तर देणार नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या मुलांना आणि नातवंडांना हा मार्ग खुला आहे. पोर्तुगीज नागरिकाला युरोपात व्हिसा लागत नाही, तिथे कामही करता येतं.

पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, पासपोर्ट परत करावा लागतो, पुढे ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डावर, राहावं लागतं. भारतीय नागरिकांसाठीच्या शिष्यवृत्त्या, सरकारी नोकऱ्या, इथली निवडणूक, सगळ्यावर परिणाम होतो. कुणी तो निर्णय विचारपूर्वक घेत असेल, तर तो त्या घराचा प्रश्न. एका उन्हाळ्यासाठी मात्र घेऊ नका. बारा आठवड्यांचा व्हिसा मिळवणं त्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

जूनमध्ये आमचं कॉलेज सुरू होतं. हजेरीचं काय?

तिकडचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, आपलं सत्र जूनपासून. हा पेच खरा आहे. तीन गोष्टी करता येतात. प्राध्यापकाला मेच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात मागा, परीक्षेचं वेळापत्रक जोडून. पुष्कळ जण मान्य करतात. दुसरं, नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला क्रेडिट आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात उन्हाळी इंटर्नशिपसाठी दोन ते चार क्रेडिट धरले आहेत. परदेशातलं काम त्यात धरावं, असा अर्ज जाण्याआधी प्राचार्यांकडे द्या आणि पोच घ्या. परत आल्यावर दिलेला अर्ज म्हणजे माफीनामा होतो. तिसरं, बुडणाऱ्या आठवड्यांचे प्रॅक्टिकल कधी भरून काढणार, ते प्रत्येक शिक्षकाशी बोलून लिहून ठेवा.

आम्हा शिक्षकांनाही इथे एक विनंती. मूल निवडून येतं तेव्हा हजेरीपट पुढे करू नये. शिफारसपत्र मागितलं, तर आठ दिवसांत द्यावं. आपल्या दिरंगाईने मुलाची मुदत टळू नये.

आम्ही बीएवाले. आमच्यासाठी काही आहे का?

आहे, आणि गोव्याच्या मुलांसाठी तर विशेष. आपला साडेचारशे वर्षांचा इतिहास दोन शहरांत वाटला गेला आहे. काही कागद पणजीच्या पुराभिलेखागारात, काही लिस्बनच्या तोर्रे दो तोम्बु आणि आर्किव्हु इस्तोरिकु उल्त्रामारिनुमध्ये. पोर्तुगीज वाचता येणारा, आणि शिवाय कोमुनिदाद, गांवकर, नमशी हे गावकारीतले (गावाच्या सामायिक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेतले) शब्द न अडखळता समजणारा विद्यार्थी तिथल्या इतिहासकाराला सहज मिळत नाही. गावकारीच्या नोंदींत मराठी, मोडीतले कागदही येतात. मोडी येत असेल तर पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.

कला शाखेत ठरलेल्या योजना कमी आणि प्राध्यापकाच्या प्रकल्पनिधीतून मिळणारं काम जास्त. पणजीत फोंताइन्यश भागात फुंदासांव ओरिएन्तचं कार्यालय आहे, आल्तिन्यावर पोर्तुगालचं वाणिज्य दूतावास आहे. त्या वर्षी काय चालू आहे, ते समक्ष जाऊन विचारा. आणि पोर्तुगीज शिकायला पहिल्या वर्षापासूनच बसा. शेवटच्या वर्षाला सुचून उपयोग नाही.

गुण बेताचे आहेत, कॉलेजही लहान. अर्ज करावा?

करावा, पण आधी इथे काहीतरी करून दाखवावं. दोनापावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे, भारताच्या अंटार्क्टिकाच्या आणि आर्क्टिकच्या मोहिमा तिथून चालतात. जुन्या गोव्यात एला इथे शेती संशोधन संस्था आहे. एवढ्या छोट्या राज्यात इतक्या संस्था बसच्या अंतरावर आहेत, आणि केप्यातल्या, सांग्यातल्या मुलांनी त्या आतून पाहिलेल्याही नसतात. सुट्टीतला एक महिना तिथे काढा. देशातल्या तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी फेलोशिपही आहे. केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळणाऱ्यांच्या वर्षाच्या ८०,००० रुपयांतले २०,००० तर उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात. इथल्या शास्त्रज्ञाचं एक नेमकं शिफारसपत्र परदेशी प्राध्यापकाला गुणपत्रिकेपेक्षा जास्त सांगतं. शिवाय ती माणसं एकमेकांना ओळखत असतात.

होकार आला, पण निधी नाही. स्वखर्चाने जावं का?

मी नको म्हणते. होकारपत्र जपून ठेवा, प्राध्यापकाला तसं स्पष्ट कळवा, पुढच्या वर्षीच्या योजनेला तेच पत्र जोडा. घरून किंवा इथल्या प्रयोगशाळेतून करता येण्यासारखं काही काम आहे का, तेही विचारा. माहितीचं विश्लेषण असेल तर पुष्कळदा असतं.

मुलगी एकटी जाणार. आम्ही पालकांनी काय पाहावं?

काळजी वाटणारच. काही गोष्टी लेखी घ्या. राहण्याची जागा विद्यापीठाच्या आवारात आहे की बाहेर, प्रयोगशाळेतल्या आणखी एका व्यक्तीचा संपर्क, विम्यात रुग्णालयाचा खर्च किती, आणि तिथल्या विद्यापीठाचं विद्यार्थी-तक्रार कार्यालय कुठे आहे. तिच्याकडे परतीचं तिकीट आणि पंधरा दिवस पुरतील इतके स्वतःचे पैसे असू द्यात. काही मनाविरुद्ध घडलं, तर कुणालाही न विचारता परत यायची मुभा आहे, हे तिला जाण्याआधी तोंडाने सांगा. मुलींना हे ऐकायचं असतं, आणि बहुतेक घरांत ते कुणी म्हणत नाही.

सोबत काय नेता येईल? आणि चवथीला घरी पोहोचता येईल ना?

युरोपात दूध आणि मांस यांचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, म्हणून तुपाची बरणी आणि चोरीस (डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज) दोन्ही घरी ठेवा. ताज्या भाज्या-फळांनाही प्रमाणपत्र लागतं. नारळाला मात्र सूट आहे, आणि सुकी मासळीही ठरावीक वजनापर्यंत चालते. सामायिक स्वयंपाकघर असेल तर तिच्या वासाचा विचार करा. सोलां (आमसुलं), घरचा मसाला, उकडे तांदूळ कोरडे आणि बंद पिशवीत न्या.

मेच्या मध्यावर सुरू केलेले बारा आठवडे ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात. चवथ ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते. तेव्हा पंचांग पाहून परतीचं तिकीट काढलंत, तर माटोळी बांधायला तुम्ही घरी असाल. येताना बोर्डिंग पास विसरू नका.